कबूल केलेला घोडा

मुकायला घोड्याचे दात बघावे लागत नसत. लांबून नुसती चाल बघून वय सांगायचा, आणि कुणी पैज मारलीच तर पैज मारणाराच हरायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्याचा अंदाज चुकायचा. माझ्या बाबतीत तर फारच चुकला. मरेपर्यंत तो मला मित्र समजत होता.

मी शेयशेन. आमच्या डोंगरातल्या तेरेक-बुलाक गावात जनावर कापायचं असलं की मला बोलावतात. लग्न असो, बारसं असो, मयत असो, सुरी माझीच. कापायचं, सांध्यांवर हाडं सोडवायची, आणि कुणाच्या ताटात कुठलं हाड जाणार ते वय आणि मान बघून ठरवायचं, हे माझं काम. चाळीस वर्षांत एकाही म्हाताऱ्याच्या ताटात चुकीचं हाड गेलेलं नाही. बढाई वाटत असेल तर मारू द्या थोडी. पुढे सांगण्यात बढाईसारखं काही नाही.

मुकायने अकरा वर्षं सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर चालवला. शेती मोडली तेव्हा वाटण्या झाल्या. कुणाला मेंढ्या मिळाल्या, कुणाला गाय, आणि मुकाय सगळ्यांत शेवटी पोचला म्हणून त्याच्या पदरात एक मरतुकडं शिंगरू पडलं. आई नसलेलं, पायांवर धड उभं न राहणारं. त्याने ते शिंगरू शेळीच्या दुधावर बाटलीने वाढवलं. थंडीत आपला कोट काढून त्याच्या अंगावर घालायचा आणि स्वतः खोकत हिंडायचा. बातमा वहिनी म्हणायची, "यांनी दुसरं लग्न केलंय हो. सवत गोठ्यात बांधलीय." त्या शिंगराचा झाला कुला. फिकट पिवळा रंग, काळी आयाळ, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ. सलग तीन वर्षं आमच्या खोऱ्यात लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्याच्या पुढे कुणी गेलं नाही.

आमच्याकडे वाटेत माणूस भेटला की आधी विचारतात, जनावरं बरी आहेत ना, आणि मग, पोरंबाळं बरी आहेत ना. बाहेरचे लोक हसतात. हसू द्या. जनावरं जगली तर पोरं जगतात, एवढा साधा हिशेब आहे तो. पण मुकायला कुणी विचारलं तर तो कुलावर इतका वेळ बोलायचा की पोरांबाळांपर्यंत गाडी पोचायचीच नाही. आणि पोर तरी किती, तर एकच. बुरुलचा.

ती सात वर्षांची असताना फेब्रुवारीत तापली. मान ताठ झाली, डोळे उघडेनात. बर्फाने खिंड बंद होती. दवाखान्यातल्या नर्सबाईला मी घसरगाडीवर घालून आणलं. तिने सुई दिली आणि म्हणाली, "तालुक्याला न्यायला हवी होती. आता माझ्या हातात होतं ते केलं. वाट बघा." घरात दहा-बारा माणसं होती. सगळ्यांत वडीलधारे कासमाली आजोबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मुकाय, एखादी मेंढी ओवाळ पोरीवरून आणि कापून गावाला घाल. जीवावरून जीव गेला तर बरं."

मुकाय ताडकन उठला. "मेंढी कसली? कुला."

"अरे, मेंढी चालते," आजोबा म्हणाले. "देव काही हटून बसत नाही. नीट विचार करून बोल."

"माझ्या पोरीवरून मेंढी? मी कुला देणार!"

आणि तो गेला आणि घोडा घरात घेऊन आला. अहो, अंगणात नाही, घरात! दाराची चौकट इतकी ठेंगणी की कुलाने मान जमिनीपर्यंत वाकवली तेव्हा कुठे आत आला. बायका भिंतीला चिकटल्या. मुकायने लगाम धरून त्याला पोरीच्या अंथरुणाभोवती तीन वेळा फिरवला. पोरीचा एक हात जाजमावर पसरला होता. तिन्ही वेळा त्या जनावराने तो हात बघून खूर उचलला आणि पलीकडे टेकवला. मुकाय रडत रडत ओरडत होता, "हा घे! ह्याला घे, हिला सोड! कुला तुझा, पोरगी माझी!" आम्ही सगळ्यांनी हात पसरले आणि आमीन म्हटलं. मीही म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी पोरीने रव्याची लापशी मागितली.

सुईने बरी झाली म्हणा, नवसाने म्हणा. मुकायने मला मिठी मारली, नर्सबाईच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि नवसाचं बोलणं आपोआप मागे पडलं. मार्चमध्ये कुणीतरी विषय काढला तर तो म्हणाला, "हिवाळ्यातून निघालेला घोडा, नुसती हाडं. देवाला हाडं द्यायची का?" बरोबर होतं, कुणीच हरकत घेतली नाही. एप्रिलमध्ये म्हणाला, गवत अजून कोवळं आहे. मेमध्ये कुला भरला, अंग तकतकीत झालं, आणि मुकाय त्याला रोज ओढ्यापलीकडे पळवायला लागला. ऑगस्टची शर्यत त्याच्या डोळ्यांसमोर होती. एक दिवस कासमाली आजोबांनी त्याला रस्त्यात गाठून काठी आपटली. "गरज सरो नि वैद्य मरो, असं आहे होय रे? मी मेंढी म्हणत होतो. घोडा तू म्हणालास."

त्या दुपारी मुकाय माझ्याकडे नाही आला, मीच त्याच्याकडे गेलो. हे नीट ऐका. त्याने मला बोलावलं नव्हतं. तो गोठ्यात खोगिराचा पट्टा शिवत बसला होता, आणि सुई दर टाक्याला बोटात घुसत होती.

"कापावा लागेल रे त्याला," तो म्हणाला. "मीच बोललो ना. माझी पोरगी आहे, आणि मी तीन महिने देवाला टोलवतोय. मी माणूस आहे का कोण?"

त्याच्या तोंडून हे निघालं होतं. तो तयार झाला होता. मी नुसतं "हो" म्हटलं असतं, खांद्यावर हात ठेवला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कुलाला आणून बांधला असता. पण माझी एक घोडी होती, आणि जूनमध्ये ती कुलाला दाखवायची असं आमचं ठरलं होतं. मला कुलाचं शिंगरू हवं होतं. हिवाळाभर मी त्या शिंगराचा रंगसुद्धा मनात ठरवून ठेवला होता.

मी म्हणालो, "तुझी ती करडी म्हातारी घोडी आहे ना?"

"तिचं काय?"

"दोन वर्षांत व्यायली नाही. दात गेलेत. येत्या हिवाळ्यात तशीही मरणार. घोडं ते घोडं. देवाला रक्ताशी मतलब, तो काय शर्यतीला येतो?"

"मी कुलाचं नाव घेतलं होतं शेयशेन. सगळ्यांनी ऐकलंय."

"पोर मरत होती, तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? बापाच्या तोंडून काहीही जातं. देव समजून घेतो."

"आणि लोक? लोक काय म्हणतील?"

"लोक खातील," मी म्हणालो.

आणि लोकांनी खाल्लं. करड्या घोडीला मी आणायला गेलो तर ती माझ्या मागून मुकाट्याने आली, दोरीलाही ताण नाही. मांस असं चिवट की दिवसभर शिजवलं तरी दाताला दाद देईना. कुणी चकार शब्द काढला नाही. कासमाली आजोबांच्या ताटात मी मानाचं हाड ठेवलं. त्यांनी ताट हळूच शेजाऱ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मला दात नाहीत बाबा." आदल्याच आठवड्यात माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी आख्खी फासळी कोरून काढली होती. मुकायचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हात धुवायला पाणी घालत बुरुलचा फिरत होती, आजारात गेलेले केस नुकते वाढायला लागलेले, मान अजून काडीसारखी. बापापाशी आली तेव्हा त्याने हात पुढे केले, पण वर बघितलं नाही.

ऑगस्टमध्ये कुला जिंकला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वा रे मुकाय! पोरगी पण ठेवलीस, घोडा पण ठेवलास! देवाला असं गंडवायला आम्हालाही शिकव की!" सगळे हसले. मुकायही हसला, मीही. हसण्यात मीच पुढे होतो.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. पोरं वाईट नसतात, घरात ऐकतात तेच बोलतात. बुरुलचा वर्गात शिरली की मागच्या बाकावरून खिंकाळणं सुरू व्हायचं. तिचं नावच पडलं म्हातारी घोडी. "ए म्हातारे, तुझी किंमत किती? चार दात!" पहिल्या वर्षी तिने एकाचं नाक फोडलं. नंतर भांडायची बंद झाली. घरी येऊन कधी बोलली नाही. मुकायला ते कळलं ते तिला आणायला गेला तेव्हा. फाटकापाशी उभा होता, पोरांचं ते खिंकाळणं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर कुला कुठल्याही शर्यतीत उतरला नाही.

खरं सांगतो, तो माणूस पुढे पोरीवर एकदाही रागावला नाही. एकदा तिने चुलीजवळ दूध सांडलं, आख्खी बादली. बातमा वहिनी किंचाळली, तर हा म्हणाला, "सांडू दे." उशिरा आली, सांडू दे. परीक्षेत नापास झाली, सांडू दे. बापाने ओरडायलासुद्धा हक्क लागतो, आणि आपला तो हक्क गेला असं त्याने धरलं होतं. दर वर्षी तिला नवे बूट आणायचा, स्वतः फाटके घालून. ती म्हणायची, "बाबा, माझे जुने चांगले आहेत." तो म्हणायचा, "असू दे, असू दे," आणि बाहेर निघून जायचा. गंमत बघा, कुलाला खरारा करायची ती बुरुलचाच. त्या घोड्यावर तिचा राग नव्हता. त्याच्या मानेला गाल लावून उभी राहायची, आणि मुकाय ते खिडकीतून बघायचा.

आणि मी? माझ्या घोडीला शिंगरू झालं. अगदी मनातल्या रंगाचं.

बारा वर्षं गेली. बुरुलचा एकोणीस वर्षांची झाली आणि मॉस्कोला कामाला जायला निघाली, तिथे एका खानावळीत गावातल्या दोघी आधीच होत्या. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मुकायने मला बोलावलं. "सुरी घेऊन ये." मी गेलो तर अंगणात कुला बांधलेला. वीस वर्षांचा झाला होता, पाठ खोल गेलेली, डोळ्यांवर पांढरं.

"आज फेडतो," मुकाय म्हणाला. "पोरगी परमुलखात चाललीय. डोक्यावर देणं ठेवून तिला कशी पाठवू?"

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात बुरुलचा घरातून आली, हातात पिठाचं फडकं. तिने दोरी बघितली, माझी सुरी बघितली आणि सगळं समजली.

"बाबा, सोडा त्याला."

"तुझ्यासाठी कबूल केला होता पोरी. आज देतो."

"तेव्हा तो पळत होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तेव्हा तुम्ही म्हातारी दिलीत. आता हा म्हातारा झाला, तर आता हा देताय. माझ्या वाट्याला दर वेळी म्हातारंच का हो, बाबा?"

मुकायच्या हातातून दोरी गळाली. मी आयुष्यात पुष्कळ जनावरं खाली बसताना बघितली आहेत, पण माणूस असा खाली बसलेला तेव्हा पहिल्यांदा बघितला. तो चुलीच्या लाकडांवर बसला आणि दोन्ही तळवे तोंडावर घेतले. मग बुरुलचा माझ्याकडे वळली.

"काका, एक विचारू? करड्या घोडीचं तेव्हा कुणाला सुचलं?"

साधा प्रश्न. "मला," एवढं एकच उत्तर. माझी जीभ ते म्हणायला उचलली होती, आईशप्पथ उचलली होती. पण अंगणात शेजारी जमले होते. आणि मी म्हणजे कोण, तर हाडं वाटणारा, कधी न चुकणारा शेयशेन!

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "मी नुसता सुरीवाला. आणून देतील ते कापतो."

मुकायने तोंडावरचे हात काढले. माझ्याकडे बघितलं. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश होता, आणि मी त्याच्या पोरीसमोर, सगळ्या गावासमोर उघडा पडलो असतो. तो म्हणाला, "मलाच सुचलं गं. दुसऱ्या कुणाला सुचणार?"

ती दुसऱ्या दिवशी गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडली, पण लाकूड धरावं तशी. मी कडेला उभा राहून बघत होतो. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात ना? माझ्यापाशी दोन्हीही नव्हत्या.

पुढच्या वर्षी कुला आपल्या मरणाने गेला. पाच वर्षांनी मुकायच्या छातीत कळ आली आणि तोही गेला. त्या पाच वर्षांत मी त्याच्याकडे रोज चहा प्यायला जायचो. त्याने तो विषय एकदाही काढला नाही. मी काढेन म्हणून तो वाट बघत होता की काय, कोण जाणे. बुरुलचाचा फोन यायचा तर दोनच वाक्यं, तब्येत कशी आहे, पाठवलेलं पोचलं का. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या फोनकडे बघत बसायचा.

मयताला ती विमानाने आली, तिसऱ्या दिवशी सकाळी. अंगणात लोकरीचा तंबू उभारला होता, बायका आत रडत होत्या. जेवणासाठी घोडा कापायचा होता. पुरुषांनी ठरवलं, मुकायच्या कळपातली लंगडी घोडी घ्यावी. बुरुलचा तंबूतून बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि कळपाकडे बोट केलं. कुलाच्या वंशातला होता तो, तीन वर्षांचा, पिवळा, पाठीवर काळी रेघ. खोऱ्यातले लोक त्याला मागायला येत होते.

"हा."

"अगं पोरी, वेडी का काय तू?" तिचा चुलता म्हणाला. "हा उद्या नाव काढेल. लंगडी आहे ना."

"माझ्या बापासाठी मी म्हातारं देणार नाही," ती म्हणाली. "शेयशेन काका, सुरी घ्या."

मी घेतली. इतक्या वर्षांत सुरी कधी माझ्याच बोटाला लागली नव्हती, त्या दिवशी लागली.

मग मौलवींनी मयतापुढे उभं राहून रिवाजाप्रमाणे विचारलं, "हा कसा माणूस होता? कुणाचं काही बाकी आहे का याच्याकडे?" तेव्हा बोलायचं असतं. माती पडायच्या आधीची ती शेवटची संधी. मी पुढच्याच रांगेत होतो. "चांगला माणूस होता!" सगळ्यांबरोबर मी ओरडलो. सगळ्यांत मोठ्याने.

माती झाली, लोक जेवून पांगले. दुपार कलली होती. मी तंबूत गेलो. बुरुलचा काळ्या रुमालात एकटीच किटलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर गुडघे टेकले.

"पोरी, एक सांगायचं राहिलंय. ते घोडीचं तुझ्या बाबांना सुचलं नव्हतं. तो कुलाला द्यायला निघाला होता. मी अडवलं. मला शिंगरू हवं होतं. त्या दिवशी अंगणात मी खोटं बोललो, आणि त्याने माझं पाप अंगावर घेतलं."

मला वाटलं ती किंचाळेल, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती किटलीखालचा निखारा सरळ करत राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दुपारी मी गोठ्यात गवतामागे होते. सगळं ऐकलं होतं."

"मग... मग तू मला अंगणात का विचारलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही सांगितलं असतंत, तर मला बाबांना माफ करता आलं असतं, त्यांच्या तोंडावर, सगळ्यांदेखत. तुम्ही नाही म्हणालात. आणि त्यांनी मला खोटं सांगितलं, तुमच्यासाठी. मला वाटलं, यांना घोडा माझ्याहून प्रिय होता, आणि आता हा मित्रसुद्धा माझ्याहून प्रिय. मी रागाने गेले, काका. सहा वर्षं रागावले. दर महिन्याला ठरवायचे, पुढच्या महिन्यात घरी जाऊन बोलेन."

"मी आज तरी सांगितलं," एवढंच तोंडातून निघालं.

"आज," ती म्हणाली.

आमच्याकडे पाहुण्याला चहा घोटभरच ओततात. थोडा ओतायचा, पुन्हा ओतायचा, पुन्हा, म्हणजे पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरलेली वाटी पुढे केली, की पी आणि ऊठ. पोराटोरांनासुद्धा ते कळतं. बुरुलचाने वाटी घेतली आणि चहा ओतला. थांबेल असं वाटलं, थांबली नाही. पार काठापर्यंत भरली, आणि दोन्ही हातांनी, अगदी मानाने, माझ्यापुढे धरली.

मी घेतली. भाजत होती, तरी सगळी प्यालो, आणि उठलो.